वारा तोच, पाणी बदललं

विंडसर्फिंग म्हणजे एक फळी, तिच्यावर हवं तिकडे कलणारं शीड आणि ते हातांनी पेलून उभा असलेला माणूस. सुकाणू नाही, इंजिन तर नाहीच. १९६८ साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तिच्याकडे बघून कुणाला जागतिक विक्रम आठवला नसता.

शिडाच्या वेगाचा विक्रम ५०० मीटर अंतरातल्या सरासरी वेगावर ठरतो. १९८० पासून तो ‘क्रॉसबो २’ या भल्यामोठ्या कॅटामरानकडे होता: ३६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६७ किलोमीटर. १९८६ मध्ये पास्काल माका या फ्रेंच माणसाने फ्युर्तेव्हेंतुरा बेटाच्या किनाऱ्यावर ३८.८६ नॉट (७२ किमी) वेग गाठला. एका फळीने सगळ्या बोटींना मागे टाकलं!

मग वेग वाढवायचा कसा? पहिलं उत्तर सुचतं ते म्हणजे आणखी जोराचा वारा. इथेच गंमत आहे. वारा पाण्यावरून जितकं लांब वाहतो तितक्या लाटा मोठ्या होतात. वेगात असलेली फळी पाण्याला जेमतेम टेकलेली असते. वीतभर लाटही तिला उडवते, मग खालचं फिन पाण्याबाहेर येतं आणि पकड सुटते. म्हणजे हवं वादळ, पण पाणी मात्र ताटात ओतल्यासारखं सपाट.

यावर फ्रान्समध्ये सरळ उपाय केला गेला. सँत-मारी-द-ला-मेर इथे, मिस्त्राल वारा सुटतो त्या किनाऱ्यावर, एक लांब अरुंद चर खणला. चर अरुंद असल्यामुळे लाटेला वाढायला जागाच मिळत नाही. दिशाही अशी की वारा मागून तिरका यावा, कारण फळी सर्वात जास्त पळते ती तशाच वाऱ्यात. १९८८ मध्ये एरिक बील याने इथे ४०.४८ नॉट नोंदवले. चाळिशी ओलांडणारा तो पहिला. १९९३ मध्ये थिएरी बिएलाकने ४५.३४ गाठले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाची ‘यलो पेजेस एंडेव्हर’ ही बोट ४६.५२ वर गेली आणि विक्रम बोटींकडे परतला. पुढे अकरा वर्षं तो तिथेच राहिला. २००४ मध्ये फिनियन मेनर्डने ४६.८२ नॉटने तो फळीकडे आणला, तोही याच चरात.

२००८ मध्ये पतंगाच्या जोरावर पळणाऱ्या काइटसर्फरांनी पन्नाशी आधी ओलांडली. नामिबियातल्या ल्युडेरिट्झला वाळवंटाच्या कडेला असाच चर खणलेला आहे. तिथे २०१५ मध्ये आंत्वान आल्बोने ५३.२७ नॉट काढले, म्हणजे ताशी ९८.७ किलोमीटर. ५०० मीटर साधारण १८ सेकंदांत!

या वेगाला लाटा नसल्या तरी दुसरी अडचण उभी राहते. फिनच्या एका बाजूला दाब इतका उतरतो की थंड पाणीही ‘उकळतं’ आणि वाफेचे बुडबुडे होतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. हिशोब करून बघा: ५३ नॉटला पाण्याचा गतिज दाब हवेच्या दाबाच्या जवळपास पावणेचार पट होतो. त्यामुळे फिनचा आकार थोडा जरी चुकला तरी बुडबुडे ठरलेलेच. २०१२ मध्ये पॉल लार्सनची ‘सेलरॉकेट २’ ही बोट ६५.४५ नॉटवर गेली, ती या बुडबुड्यांशी भांडण्याऐवजी पाण्याखालच्या पात्यामागे हवेची पोकळी मुद्दाम ठेवून.

पण मला या इतिहासात सतावतो तो चरच. प्रयोगशाळेत आम्हीही हेच करतो: नको ते धक्के, कंपनं, गोंगाट काढून टाकतो आणि उरलेला आकडा छापतो. त्यात लबाडी नाही. पण तो आकडा मग त्या परिस्थितीचाही असतो, हे विसरायला फार वेळ लागत नाही. माका उघड्या किनाऱ्यावर पळाला, आल्बो खणलेल्या पाण्यात, आणि यादीत दोघे एकाच रकान्यात बसतात.

म्हणून ही यादी वाचताना मी वेगाच्या आधी जागेचं नाव बघतो. स्वतःचे आलेख बघतानाही आता तीच सवय लावून घेतोय.