बंगळूरचे शब्दकोडे, मुंबईचा खटला

बंगळूरच्या जे. सी. रोडवर हल्ली मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. १९५०च्या दशकात याच जयचामराज रोडवर आर. एम. डी. सी. (म्हैसूर) या कंपनीचे कार्यालय होते. तिचे 'स्पोर्टिंग स्टार' हे पत्र बंगळुरात छापले जाई आणि मुंबई राज्यात भरपूर खपे. त्यातून बक्षिसांची शब्दकोडी चालत. प्रवेश फी भरायची आणि उत्तर पाठवायचे.

माझे आजोबा गिरगावात बसून अशीच कुठली कुठली इंग्रजी कोडी सोडवत. समोर शब्दकोश उघडा आणि ताटातला भात निवत चाललेला. "हा जुगार नाही, भाषेचा अभ्यास आहे," असे ते सांगत. आजी विचारी, "मग त्याला पैसे कशाला भरायचे?" पुढे कायदा वाचू लागलो तेव्हा कळले की न्यायालयांतही वाद याच दोन वाक्यांचा होता.

लॉटरीला तीन गोष्टी लागतात: बक्षीस, नशीब आणि पदरचे पैसे. पैसे वगळले तर उरते फुकटची सोडत. नशीब वगळून त्या जागी कौशल्य आणले, तर ती स्पर्धा होते. शब्दकोडे यांपैकी कशात बसते?

मुंबई सरकारने १९४८मध्ये लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. १९५२च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापलेली पत्रेही त्याच्या कक्षेत आली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. सरकारने सर्वोच्च न्यायालय गाठले.

समजा, कोड्यात सूचना आहे: 'म्हातारपणी हे जपावे.' उत्तर 'मन' की 'धन'? दोन्ही बसतात. पण बक्षीस मिळणार ते आयोजकांनी आधीच ठरवलेल्या शब्दाशी जुळले तरच. इथे शब्दकोश काय कामाचा? ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून महाभारत आणि मनूपर्यंतचे दाखले देत निकाल दिला: हा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही.

त्याच दिवशी दुसरा निकालही लागला. १९५५च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला १,००० रुपयांवरच्या बक्षिसांच्या कोडे-स्पर्धांना बंदी केली होती. न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, पण जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धा त्यातून वगळल्या. आजोबांसाठी दार किलकिले राहिले.

त्याच दारातून १९९६मध्ये घोड्यांच्या शर्यती सुटल्या. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्याची ऑनलाइन खेळांवरची बंदी रद्द केली, तीही मुख्यतः याच भेदाच्या आधारे.

ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने मात्र ऑनलाइन खेळांपुरते ते दार बंद केले. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, जिंकण्याच्या आशेने पैसे लावले की मनाई.

म्हणजे अखेर आजीचा प्रश्नच कायदा झाला. किती घरे बुडाली हे पाहता तिचे खरे होते. तरी आजोबांचा तो झिजलेला शब्दकोश मी टाकलेला नाही. त्यांना बक्षीस कधी लागले नाही. इंग्रजी मात्र उत्तम येई.