चोरघंटेची बॅटरी बदलायची केव्हा?

घरातील चोरघंटा एरवी घरच्या विजेवर चालते. वीज गेली तरी ती चालू राहावी म्हणून तिच्या पेटीत एक राखीव बॅटरी असते. ही बॅटरी वर्षानुवर्षे नुसती बसून असते आणि नेमकी गरज पडते त्या रात्री ती निकामी झाल्याचे कळते. असे का होते, याचे उत्तर बॅटरीच्या इतिहासात सापडते.

१८५३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टस पोप यांनी विजेच्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की मंडल पूर्ण होई, विद्युतचुंबकातून प्रवाह वाही आणि घंटा वाजे. त्या काळी घरोघर वीज नव्हती. घंटेची सारी भिस्त विद्युतघटांवर असे. घटातील रसायने संपली की ती बदलावी लागत. घटाकडे लक्ष ठेवणे हा घंटा सांभाळण्याचाच भाग होता.

१८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी पुन्हा प्रभारित करता येणारा शिसे-आम्ल घट बनवला. मात्र प्रभारण करताना यातील थोड्या पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन ते उडून जाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण अधूनमधून शुद्ध पाणी घालतो ते याचसाठी. पाणी घालताना बॅटरीकडे आपोआप लक्ष जाते.

१९५० नंतरच्या दशकांत हे बदलले. जर्मनीत आम्लाची जेली करण्यात आली. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवण्यात आले. या रचनेत धन पट्टीपाशी सुटलेला ऑक्सिजन ऋण पट्टीपाशी पोहोचून त्याचे पुन्हा पाणी होते. बॅटरी जवळजवळ पूर्ण बंद करता आली आणि ती चोरघंटेच्या पेटीत बसली.

झाकण बंद झाले, पण वय थांबले नाही. धन पट्टीची जाळी गंजत राहते, ओलावा हळूहळू कमी होतो आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. गंमत अशी, की भार नसताना व्होल्टमापक लावला तर जुनी बॅटरीही १२ व्होल्टच्या वर आकडा दाखवू शकते. दाब दिसतो, साठा दिसत नाही.

विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घेता येईल. यंत्रणेला ०.२५ अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. २४ तासांसाठी ६ अँपिअर-तास हवेत. ७ अँपिअर-तासांची नवी बॅटरी पुरेल. तिची क्षमता ८० टक्क्यांवर आली की उरतात ५.६ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २२ तास. बॅटरी ‘चालते’ आहे, पण काम पुरे करीत नाही. म्हणूनच क्षमता ८० टक्क्यांवर आली की बॅटरीचे आयुष्य संपले असे मानण्याची पद्धत आहे.

साधारणपणे ही वेळ ३ ते ५ वर्षांत येते. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले तर आयुष्य जवळपास निम्मे होते. त्यामुळे पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत ३ वर्षेही जास्तच. बॅटरी फुगली असेल तर मुदतीची वाट पाहू नये.

पूर्वी उणे झालेले पाणी आपल्याला बॅटरीची आठवण करून देई. आता ती आठवण आपणच ठेवायला हवी. बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि वर्षातून एकदा घरची वीज बंद करून यंत्रणा काही तास बॅटरीवर चालवून पाहावी. जुनी बॅटरी मात्र कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातील शिसे विषारी आहे.