शिपायाच्या अंगावरची शिवण

दिवाळी आली की आपल्याकडे अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात आणि त्यांवर मावळे पहारा देऊ लागतात. असा एखादा साच्यातला मावळा हाती घेऊन त्याची कूस नीट पाहा. पुष्कळदा खांद्यापासून पायापर्यंत एक बारीक उभी रेघ गेलेली असते. रंगाखाली लपलेली, पण बोटाला लागणारी. साच्याची दोन अर्धुके जेथे मिळाली, तेथली ती शिवण. खेळण्यातल्या शिपायाचा सारा इतिहास या शिवणीच्या आधाराने सांगता येईल.

लाकडातून कोरून काढलेल्या बाहुल्याला शिवण नसते. पण एकाच नमुन्याचे शेकडो शिपाई हवेत म्हटले की साचा आला. आणि आतला शिपाई बाहेर काढावयाचा, तर साचा दुभंगता हवा. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे हिल्पर्ट घराण्यातील कारागीर कथिलाचे चपटे शिपाई ओतीत. असे साचे पाटीच्या दगडात कोरीत. चपट्या शिपायाची शिवण अगदी कडेला. कानस फिरविली की काम झाले.

पुढे 1893 साली लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ शिपाई काढले. शिशाचा रस साच्यात ओतावयाचा, बाहेरचा थर गोठला की आतला रस परत ओतून घ्यावयाचा. धातू वाचला, किंमत उतरली. शिवण घासणे आणि रंग देणे ही कामे मात्र हातांचीच राहिली, आणि रंगकामात स्त्रियांचा वाटा मोठा होता. मुलाच्या हाती शिपाई येई तो गणवेश चढवूनच!

प्लॅस्टिकने हा क्रम उलटा केला. सेल्युलॉइड दाबाने साच्यात भरण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत हायट बंधूंनी 1872 सालीच घेतले होते. पण 1959 साली इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने इंचाहूनही ठेंगण्या शिपायांच्या पेट्या विकावयास काढल्या, आणि त्यांतले शिपाई बिनरंगाचे होते. कारखान्यात जे काम मजुरी देऊन करून घेत, तेच आता गिऱ्हाईक पदरचे पैसे मोजून हौसेने करू लागले! हे शिपाई पॉलिथीनचे, म्हणजे मऊ. चाकू लावला तर तुसे निघत, आणि शिपाई वाकला की रंगाचे पोपडे पडत. पॉलिस्टायरीन कडक असते आणि सुरेख तासले जाते. 1987 साली नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने ‘स्पेस मरीन’ नावाचे काल्पनिक सैनिक काढले, ते या जातीच्या प्लॅस्टिकचे.

आता ही साफसफाई करावयाची कशी? शिपाई प्लॅस्टिकच्या दांडीला चिकटलेले येतात. ते ओढून तोडू नयेत. चिमट्याने अंगापासून थोडे दूर कापावेत आणि उरलेला खुंट मग हलकेच छाटावा. शिवणीवर चाकूची धार आडवी धरून खरवडावे, खोल कापू नये. नाही तर रेघेच्या जागी खाच पडते. मग बारीक पॉलिश कागद फिरवावा. शेवटी कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशाने धुवावे. साच्याला शिपाई चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रवाचा अंश आणि आपल्या बोटांचा तेलकटपणा, दोन्ही रंगाला धरू देत नाहीत. पूर्ण वाळल्यावरच अस्तराचा रंग द्यावा.

‘रंगाखाली झाकली जाईल हो शिवण,’ असे पुष्कळांना वाटते. घडते उलटेच. उंचवट्यांना उठाव यावा म्हणून कोरडा ब्रश फिरविला, की तो पहिल्यांदा त्या रेघेवरच घासतो आणि चेहऱ्याच्या मधोमध पांढरा ओरखडा उमटतो.

एक सावधगिरी मात्र हवी. 1966 साली ब्रिटन कंपनीने शिशाच्या शिपायांचे उत्पादन थांबविले. त्या काळचा जुना शिपाई कोणाच्या पेटीत सापडला, तर त्याला चाकू किंवा पॉलिश कागद लावू नये. शिशाची धूळ विषारी, हे एक कारण. दुसरेही आहे. प्लॅस्टिकच्या कोऱ्या शिपायावर अजून कोणाचाच हात फिरलेला नसतो. तो आपला फिरावयाचा असतो. त्या जुन्या शिपायाच्या गालावरचा गुलाबी ठिपका मात्र रोजीसाठी रंगकाम करणाऱ्या कुणा बाईच्या हातचा असेल. तिचे नाव कोठे लिहिलेले नाही. तो ठिपका खरवडला, तर तिची उरलेली खूणही गेली.