गिअर ‘पी’मध्ये अडकला! एका हट्टी दांड्याची गोष्ट

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग शिरवळच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये सुरू होतो.

वाईहून पुण्याला परत येत होतो. गाडी बाबा चालवत होते. बाबा ६७ वर्षांचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच नको म्हणून आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली, बटण-स्टार्टवाली. मिसळ झाली, चहा झाला, गाडीत बसलो. बाबांनी ब्रेक दाबला, बटण दाबलं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, पण इंजिन गप्प. वर मेसेज काय, तर ‘ब्रेक दाबा’. बाबा म्हणाले, “अरे दाबलाय की!” गिअरचा दांडा ‘पी’मध्ये, जणू सिमेंटमध्ये रोवलेला. मी माझ्या बाजूने हात लावून बघितला, तसूभर हलेना.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याच्या चार महिने आधी बाबांनी आमच्या सोसायटीत गाडी लावताना ती भिंतीला ठोकली होती. बाबा म्हणत होते, “मी ब्रेकच दाबला होता.” आणि मी म्हणालो होतो, “बाबा, ब्रेक दाबल्यावर गाडी पुढे जाते का कधी?” जरा जास्तच जोरात म्हणालो होतो. शेजारचे काका उभे होते.

तर शिरवळला बाबांनी पुन्हा “ब्रेक दाबलाय” म्हटल्यावर मी काही बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते आलं असणार. बाबा गाडीतून उतरून बाजूला जाऊन उभे राहिले.

हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, दोन तास लागतील, गाडी उचलून न्यावी लागेल. त्या दोन तासांत मी फोनवर शोधायला लागलो की हा दांडा अडकतोच का. बिघाड म्हणून शोधत होतो. निघालं असं की दांडा अडकणं हा बिघाड नाही, ते मुद्दाम केलेलं काम आहे. आणि त्यामागे बराच इतिहास आहे, थोडा रक्ताळलेला सुद्धा.

सुरुवात किल्लीपासून करू. आधीच्या गाड्यांना पुढून हँडल मारावं लागायचं. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांना हे माहीत आहे. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल सुटलं. पण तेव्हाही किल्ली फक्त करंट सुरू करायची, स्टार्टरचं बटण किंवा पायाने दाबायची खुंटी वेगळी असायची. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, ही सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. म्हणजे गंमत बघा, बटणाकडून आपण किल्लीकडे गेलो आणि पन्नास वर्षांनी पुन्हा बटणाकडे आलो.

मग चोर आले. चोर होतेच म्हणा. १९६९ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने किल्लीचं कुलूप स्टिअरिंगच्या दांड्यावर नेलं. किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक आणि गिअरही लॉक. १९७० पासून अमेरिकेत चोरीविरोधी नियमच लागू झाला. आज तुमचं स्टिअरिंग कधी कधी एका बाजूला घट्ट अडकतं आणि गाडी सुरू होत नाही ना, ते त्याच घराण्यातलं. चाकाचा ताण कुलपाच्या खिट्टीवर आलेला असतो. स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवत बटण दाबायचं, सुटतं.

पण आमचा दांडा चोरामुळे अडकला नव्हता. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती एका ऑडीची आहे.

ऑडी ५०००. १९८० च्या दशकात अमेरिकेत ही गाडी जोरात विकली जात होती. मग तक्रारी यायला लागल्या: गाडी ‘पी’मधून ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये टाकली की ती आपोआप सुसाट सुटते, आणि ब्रेक दाबूनही थांबत नाही. २३ नोव्हेंबर १९८६ ला सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने यावर कार्यक्रम केला. त्यात एक आई होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा गॅरेजचं दार उघडायला उतरला होता आणि तिच्याच गाडीची धडक बसून गेला. ती सांगत होती की तिचा पाय ब्रेकवर होता. कोणाचं काळीज हलणार नाही? त्याच कार्यक्रमात ॲक्सिलरेटरचं पेडल स्वतःहून खाली जाताना दाखवलं. नंतर बाहेर आलं की त्या गाडीच्या गिअरबॉक्सला भोक पाडून आत दाबाची हवा सोडली होती. हे मात्र प्रेक्षकांना सांगितलं नव्हतं.

ऑडीचं कंबरडं मोडलं. १९८५ मध्ये अमेरिकेत जवळपास ७४,००० गाड्या विकणारी कंपनी १९९१ मध्ये १२,००० च्या आसपास आली.

१९८९ मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्ता-सुरक्षा संस्थेचा सविस्तर अहवाल आला. इंजिनिअरांनी गाड्या उलट्यापालट्या करून तपासल्या. ब्रेक आणि इंजिन एकाच वेळी फेल होऊन नंतर काही खूण न ठेवता दोन्ही बरे होतात, असं काही सापडलं नाही. निष्कर्ष असा की बहुतेक वेळा पाय चुकीच्या पेडलवर होता.

इथपर्यंत वाचून मी मनात म्हटलं, बघा, मी बरोबर होतो.

पण अहवाल तिथे थांबत नाही. काही ऑडींमध्ये आयडलिंगला इंजिनची गती किंचित वाढायची, तेवढ्याने माणूस दचकायचा. पेडलांची मांडणी अमेरिकन लोकांच्या सवयीच्या गाड्यांपेक्षा वेगळी होती. आणि दचकलेला माणूस काय करतो? ‘ब्रेक’ म्हणून जे पायाखाली आहे ते आणखी जोरात दाबतो. गाडी आणखी पळते, तो आणखी दाबतो. त्याला खरंच वाटत असतं की तो ब्रेकवर आहे. तो खोटं बोलत नसतो. आपला पाय कुठे आहे हे आपण बघत नाही, गृहीत धरतो. मेंदूने हुकूम ‘ब्रेक’चाच दिलेला असतो, म्हणून आठवणसुद्धा ब्रेकचीच राहते.

हॉटेलच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी हे वाचलं आणि समोर बाबांकडे बघितलं. ते महामार्गाकडे तोंड करून उभे होते.

बरं, दांड्याचं काय? १९८७ च्या सुरुवातीला, म्हणजे अहवालाच्या आधीच, ऑडीने अडीच लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या आणि त्यात एक छोटी वस्तू बसवायला घेतली: शिफ्ट लॉक. कल्पना साधी. पाय ब्रेकवर असल्याशिवाय दांडा ‘पी’मधून निघणारच नाही. पाय चुकून ॲक्सिलरेटरवर असेल तर गाडी जागेवरच. हळूहळू इतर कंपन्यांनीही ते घेतलं. अमेरिकेत कायद्याने सक्ती मात्र खूप उशिरा झाली. २००८ च्या एका कायद्याने १ सप्टेंबर २०१० नंतर बनणाऱ्या लहान गाड्यांना हे कुलूप बंधनकारक झालं. तो कायदा कॅमेरॉन गुलब्रॅन्सन या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने ओळखला जातो. २००२ मध्ये लाँग आयलंडवर त्याचे वडील गाडी मागे घेत असताना तो मागे आला होता. वडील स्वतः लहान मुलांचे डॉक्टर. त्याच कायद्यातून पुढे गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. शिफ्ट लॉक त्यात का? कारण उभ्या गाडीत खेळणारी पोरं दांडा ओढायची आणि गाडी उतारावरून घरंगळायची.

आता आतलं काम. दांड्याजवळ एक सोलेनॉइड असतो, म्हणजे वीज मिळाली की सरकणारी खिट्टी. त्याला खबर कोण देतं? ब्रेक पेडलच्या वर बसवलेला एक छोटासा स्विच. मागचे लाल दिवे लावणारा तोच हा स्विच. आणि बटण-स्टार्ट गाडीत इंजिन सुरू करायची परवानगीसुद्धा सहसा त्याच स्विचवर अवलंबून असते. एक स्विच, तीन कामं. तो मेला की दिवे नाहीत, दांडा नाही, इंजिन नाही. बाबा पाय तुटेस्तोवर ब्रेक दाबोत, गाडीच्या लेखी तो दाबलेलाच नाही!

मी उठलोच. “बाबा, बसा जरा, ब्रेक दाबा.” मागे जाऊन बघितलं. एकही लाल दिवा नाही. बाबा खरंच ब्रेक दाबत होते.

शेजारी पंक्चरवाल्याकडे एक इलेक्ट्रिशियन पोरगा होता. त्याला मी हे सांगितलं तर तो हसला, म्हणाला, “दादा, पहिलं तेच बघायचं असतं.” आधी फ्यूज बघितला, ठीक होता. मग पेडलखाली डोकं घालून स्विचचा प्लग काढला. पिना हिरव्या पडलेल्या. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी, दुसरं काय. पॉलिश पेपरने घासून प्लग परत बसवला. लाल दिवे लागले, दांड्यातून ‘टक्’ आवाज आला. मंडळी, तो ‘टक्’ म्हणजे तो सोलेनॉइड. रोज ऐकतो आपण, लक्ष देत नाही. पोराने दोनशे रुपये घेतले आणि “स्विच बदलून घ्या मात्र” असं दोनदा बजावलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर म्हणून सांगतो. सगळे दिवे मंद किंवा बंद असतील तर गाडीची मोठी बॅटरी उतरली आहे, तेव्हाही दांडा सुटत नाही. बहुतेक गाड्यांत दांड्याजवळ एक छोटी टोपी असते, तिच्याखाली हाताने कुलूप सोडायची जागा. पण आधी हँडब्रेक ओढा, अगदी घट्ट. नाहीतर कुलूप सुटेल आणि गाडीही सुटेल. उतारावर उभी गाडी असेल आणि दांडा नुसता जड लागत असेल, तर गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर अख्ख्या गाडीचं वजन आलेलं असतं. म्हणून लावताना क्रम असा: पाय ब्रेकवर, हँडब्रेक, मग ‘पी’.

आणि ‘किल्ली सापडत नाही’ असा मेसेज आला तर घाबरू नका. गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, किल्ली वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर ओ देते. ओ द्यायला तिला आतला गोल सेल लागतो, बहुतेक वेळा सीआर २०३२. सेल संपला तरी आत एक चिप असते, तिला सेल लागत नाही. किल्ली बटणाला टेकवून धरली की गाडी जवळून तिला वीज पुरवते आणि ओळखते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. मर्सिडीजने एस-क्लासमध्ये ही बिनकिल्लीची सोय १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती.

बटणाने नवे घोळही घातले. ऑगस्ट २००९, सॅन डिएगोजवळ कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचा एक अधिकारी सुट्टीच्या दिवशी शोरूमने तात्पुरती दिलेली लेक्सस चालवत होता. दुसऱ्या मॉडेलच्या मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकला. किल्ली असती तर फिरवून बंद केली असती. बटण तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं, नव्या गाडीत हे कोणाला माहीत असणार? चौघं गेले. म्हणून तुमच्या गाडीत चालू इंजिन बटणाने बंद कसं होतं, हे आजच वाचा. वाचा फक्त, रस्त्यावर करून बघू नका. स्टिअरिंग जड होतं.

दांड्याचंही तेच. जीपच्या ग्रँड चेरोकीमध्ये असा दांडा दिला की तो दर वेळी मधोमध परत येतो, म्हणजे हाताला कळतच नाही की गाडी कशात आहे. लोक ‘पी’ समजून उतरायचे. एप्रिल २०१६ मध्ये ११ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. जूनमध्ये ‘स्टार ट्रेक’चा नट अँटन येल्चिन स्वतःच्या घराच्या उतारावर घरंगळत आलेली तीच गाडी आणि कुंपण यांच्यामध्ये चिरडून गेला. वय २७.

परत आमच्याकडे येतो. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: ब्रेकचा स्विच गेला म्हणून ब्रेक जात नाहीत. भिंतीच्या दिवशीचं खापर मला स्विचवर फोडता आलं नाही, आणि शिफ्ट लॉकही तिथे कामाचा नव्हता. तो फक्त ‘पी’मधून निघताना पाय तपासतो. बाबा तर आधीच ‘डी’मध्ये होते, इंच इंच पुढे सरकत.

खेड शिवापूरच्या टोलपर्यंत मी त्यांना ऑडीचं सगळं सांगितलं. अहवाल, दचकणं, पाय न बघता गृहीत धरणं. ते ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे चुकलं माझंच.” मी म्हटलं, “हो. पण तुम्ही खोटं बोलत नव्हता. मी तसं बोललो, ते चुकलं.”

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या बाईला हे कोणी समजावून सांगितलं का रे?”

मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्विच बदलला. आता दर रविवारी गाडी काढायच्या आधी बाबा वॉचमनला मागे उभं करतात.

“लागला का?”

“लागला, काका. दोन्ही.”