आबांचं जू आणि म्हैसूरचा फॉर्म

आमच्या घरी बाळगुटी उगाळताना वेखंडाचे वेढे जरा जास्तच दिले जायचे. वेखंडानं वाचा स्वच्छ येते, असं आजी म्हणायची. तरीही एखादं पोर तीन वर्षांचं होऊन बोललं नाही तर त्याची ‘जीभ जड’ असायची, आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं गेलं की ‘वाचा बसली’ म्हणायचं. जड जीभ हलकी करायला किंवा बसलेली वाचा उठवायला रीतसर शिकून आलेलं माणूस असतं, हे राहुरीत आमच्यापैकी कुणालाही २०१८ पर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी आबांना लकवा मारला. उजवा हात महिन्याभरात थोडाफार परत आला. शब्द आले नाहीत. ‘अरे हो’ एवढंच उरलं. चहा हवा असला तरी ‘अरे हो’, राग आला तरी ‘अरे हो’. दवाखान्यातून सुटताना मिळालेल्या कागदावर शेवटच्या ओळीत ‘स्पीच थेरपी’ असं लिहिलं होतं. त्या दोन शब्दांमागे आम्ही आधी नगर आणि मग पुणं असे हिंडलो. आबांसोबत बसायला बहुतेक वेळा माझी धाकटी चुलत बहीण असायची, तेव्हा अकरावीत. पुढे तिनं नीट दिली आणि डॉक्टर व्हायचं सोडून बीएएसएलपीला गेली. म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं धरून चार वर्षं.

गेल्या वर्षी ती घरी आली ती मास्टर्सचे फॉर्म घेऊन. ओट्यावर बसून विचारलं, “दादा, मुंबई की म्हैसूर?” मी तिला सल्ला देण्याइतका शहाणा नव्हतो, म्हणून वाचायला लागलो. तेव्हा कळलं की तिच्या फॉर्मवरचे पर्याय तिच्या जन्माच्या पस्तीस-चाळीस वर्षं आधी ठरले होते.

या विद्येची सुरुवात लोक पॅरिसपासून सांगतात. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे एक रुग्ण आला. त्याच्या तोंडून ‘टॅन’ एवढाच आवाज यायचा, म्हणून दवाखान्यात त्याचं नावच टॅन पडलं होतं. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली जखम दाखवली. बोलण्याला मेंदूत जागा आहे, हे तिथून पक्कं व्हायला लागलं. आमचे आबा म्हणजे राहुरीचे टॅन. पण जागा सापडल्यानं टॅन बोलायला लागला नव्हता. बोलायला लावणारी माणसं तयार व्हायला आणखी साठ वर्षं गेली.

ती तयार झाली अमेरिकेत, आणि दोन वेगवेगळ्या दारांतून. पहिलं दार आयोवा विद्यापीठाचं. तिथे ली एडवर्ड ट्रॅव्हिस तोतरेपणाचा अभ्यास करत होते आणि १९२५ मध्ये या लोकांची संघटनाही उभी राहिली. हे मानसशास्त्र आणि वक्तृत्व यांच्या आसपासचे लोक. दुसरं दार दुसऱ्या महायुद्धाचं. तोफांच्या आवाजानं बहिरे झालेले सैनिक परत आले, त्यांना श्रवणयंत्रं लावायची होती, कान मोजायचे होते. रेमंड कारहार्ट यांनी लष्करी इस्पितळात हे काम केलं आणि ऑडिओलॉजी नावाचं शास्त्र उभं राहिलं. एकीकडे जीभ, दुसरीकडे कान. एकाच संघटनेत राहूनही तिकडे ही दोन माणसं वेगळीच राहिली.

आपल्याकडे १९६५-६६ मध्ये दोन्ही दारं एकत्र बांधली गेली. ते साहजिक होतं. जिथे एकही माणूस नाही तिथे दोन माणसं कुठून आणणार? जो कान तपासेल त्यानंच वाचाही बघावी.

दोन ठिकाणी हे जवळजवळ एकाच वेळी घडलं. १९६६ मध्ये मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज आणि नायर रुग्णालयात ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. या कॉलेजचा इतिहास मला फार आवडतो. सरकारी शिक्षणावर बहिष्कार घाला, या गांधीजींच्या हाकेनंतर १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या पैशातून ते निघालं. ‘नॅशनल’ हा शब्द नावात तिथून आलाय. शेजारचं इस्पितळ डॉ. नायर यांनी आपल्या आईच्या, बाई यमुनाबाईंच्या, नावानं काढलं. पुढे सगळं महापालिकेकडे गेलं. म्हणजे इथे वाचोपचार शिकायचा तो पालिकेच्या इस्पितळात, कान-नाक-घसा विभागाच्या शेजारी, केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या पेशंटवर.

म्हैसूरचं उलट. तिथे १९६५ मध्ये केंद्र सरकारनं स्वतंत्र संस्थाच काढली. तिचं पहिलं नाव होतं ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लॉगोपेडिक्स. हे नाव येण्यामागे मार्टिन पामर होते. त्यांनी १९३४ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा गावात याच नावाची संस्था काढली होती. लवकरच म्हैसूरच्या संस्थेचं नाव बदलून ‘स्पीच अँड हियरिंग’ झालं. आज तिला सगळे ‘आयेश’ म्हणतात. इथे इस्पितळाच्या आत विभाग नव्हता, तर वाचा आणि श्रवण याच विषयाभोवती अख्खं आवार उभं राहिलं. प्रयोगशाळा, ग्रंथालय, संशोधन, सगळं त्या एकाच कामासाठी.

तिसरा पर्याय १९८३ चा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावानं राष्ट्रीय संस्था निघाली. ते महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच वारले होते. ही संस्था आरोग्य खात्याची नव्हे, समाजकल्याणाची. तिथे बहिरेपणाकडे आजार म्हणून नाही, पुनर्वसनाचा प्रश्न म्हणून पाहिलं गेलं: शाळा, शिक्षक, यंत्रं, प्रमाणपत्रं. नावात फक्त ‘हियरिंग हँडिकॅप्ड’ होतं. वाचेला पाटीवर जागा मिळायला तीस वर्षांहून जास्त लागली.

हे वाचताना मी थांबलो, कारण कायद्यातही तसंच होतं. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऐकण्याचा होता, बोलण्याचा नव्हता. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ हे नाव पहिल्यांदा आलं. त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढलेल्या माणसाबरोबर वाचाघाताचाही उल्लेख आहे. म्हणजे आबांना काही वर्षं आधी लकवा मारला असता तर त्यांचा लुळा हात कायद्याला दिसला असता, गेलेले शब्द दिसले नसते.

तर धाकटीच्या हातात इस्पितळ, संस्था आणि पुनर्वसन असे तीन वारसे होते. पुण्याला भारती विद्यापीठातही मास्टर्स आहे, पण पदवी पुण्यात झाल्यामुळे तिला बाहेर पडायचं होतं.

पर्याय एवढेच असते तर मी ‘जवळचं घे’ म्हणून मोकळा झालो असतो. पण १९६६ मध्ये बांधलेली जोडदारं आता पुन्हा उघडली आहेत. म्हैसूरला मास्टर्स दोन वेगळ्या झाल्या: एक ऑडिओलॉजीची, एक स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची. मुंबईत मात्र दोन्ही एकत्र असलेली एमएएसएलपी आहे. म्हणजे मुंबई की म्हैसूर या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता: कान आणि जीभ, की फक्त जीभ?

काकांचं मत स्पष्ट होतं. नगरच्या सावेडीत श्रवणयंत्रांच्या पाट्या किती आहेत आणि वाचोपचाराच्या किती, ते मोजून ये. त्यांचा हिशोब चुकीचा नाही. श्रवणयंत्र विकता येतं, त्यावर पैसे सुटतात. वाचा मात्र तासातासानं परत आणायची असते आणि तासाचे पैसे द्यायला लोक नाखूश असतात. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर नोंदले गेले, बोलण्याचं असलेले सुमारे २० लाख. चौदा तालुक्यांच्या, राज्यात क्षेत्रफळानं सगळ्यात मोठ्या असलेल्या जिल्ह्यात दोन्ही येणारं माणूस जास्त उपयोगाचं, हेही खरंच. एकत्र पदवी १९६६ मध्ये ज्या कारणानं काढली, ते कारण अकोले-पाथर्डीत अजून संपलेलं नाही.

मीही काकांच्या बाजूचा होतो, पण माझं कारण वेगळं. मला वाटत होतं की तिनं मराठी पेशंट जास्तीत जास्त पाहावेत. आपल्या भाषेत च दोन, ज दोन. ‘चार’ मधला च वेगळा, ‘चारा’ मधला वेगळा. ‘जग’ हा एकच लिहिलेला शब्द, पण दुनिया म्हणताना ज वेगळा आणि ‘आनंदानं जग’ म्हणताना वेगळा. इंग्रजीवरून बेतलेल्या उच्चार-चाचणीत ळ कुठून येणार? शिवाय आमच्याकडची म्हातारी माणसं ‘मपलं’ आणि ‘तुपलं’ म्हणतात. नगरबाहेरच्या एखाद्या परीक्षकानं ती मेंदूची चूक म्हणून लिहून घेतली तर? हे सगळं कान मुरल्याशिवाय यायचं नाही, आणि म्हैसूरला क्लिनिकमध्ये समोर बसणार बहुतांश कन्नड माणसं.

एकेकाळी पुण्याची मुलगी शिकवायचं शिकायला नगरला यायची. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले त्यांतली एक जागा म्हणजे नगरचा सिंथिया फरार यांचा वर्ग. मी हे धाकटीला ऐकवलं. ती म्हणाली, “आता तसा वर्ग नगरात असता तर कशाला विचारलं असतं तुला?”

मग तिनं बॅगेतून एक झेरॉक्स काढली. बोस्टन नेमिंग टेस्ट. साठ चित्रं, सोप्यापासून अवघडापर्यंत. चित्र दाखवायचं, पेशंटनं नाव सांगायचं. जगभर वापरतात. सुरुवातीला पलंग, झाड, पेन्सिल. मग मध्येच प्रेटझेल येतं. पुढे बीव्हर, बर्फाचं घर इग्लू. आणि शेवटच्या अवघड चित्रांत, स्फिंक्सच्या शेजारी, जू. बैलाच्या मानेवर ठेवतात ते.

मी हसलो. ती हसली नाही.

बोस्टनच्या माणसाला जू आठवणं कठीण, प्रेटझेल सोपं. आमच्या आबांनी जन्मभर बैल जुंपले. त्यांचा मेंदू ठणठणीत असतानाही त्यांना प्रेटझेल सांगता आलं नसतं, आणि बीव्हरला ते घूस म्हणाले असते. चाचणी अवघड कशाला म्हणते ते ज्या गावात ती बनली त्यावर ठरतं. भाषांतर करून हे सुटत नाही. क्रमच उलटा लावावा लागतो, आणि तो मनानं लावता येत नाही. निरोगी माणसं शेकड्यानं तपासून, वय-शिक्षण-तालुका बघून, कुठला शब्द किती जणांना आला ते मोजावं लागतं.

“म्हैसूरवाल्यांनी कन्नडसाठी हे कित्येक चाचण्यांत केलंय,” ती म्हणाली. “मला कन्नड पेशंट नकोत असं नाही, मला ते कसं केलं ते बघायचंय. मराठी पेशंट मला जन्मभर आहेतच की.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. पन्नास मराठी पेशंट चुकीच्या चित्रांनी तपासण्यापेक्षा पाच कन्नड पेशंट बरोबर चित्रांनी तपासलेले बरे, इतपत मी आलोय. काका अजून सावेडीतल्या पाट्यांवरच आहेत. कान तिनं सोडले तर जिल्ह्याचं अर्धं काम सुटतं, हे धाकटीलाही मान्य आहे. पदवीत कानाचं शिकलेलं पुरवून वापरीन, म्हणते.

तिनं दोन्ही फॉर्म भरले. म्हैसूरची प्रवेश परीक्षा वेगळी, राज्याच्या सीईटी सेलची वेगळी. मधल्या दिवसांत ती वाड्याच्या मागच्या पडवीत फोन घेऊन फिरत होती. वखर, पाभर, उखळ, सहाण, कंदील, जे दिसेल त्याचा फोटो. आजीला आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना दाखवून, कुणी किती सेकंदांत नाव सांगितलं ते वहीत.

शेवटी आबांना जू दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. डावा हात मानेमागे नेला, तिथे काहीतरी अडकवल्यासारखं केलं, आणि ‘अरे हो’ च्या जागी म्हणाले, “शिवळ.”

शिवळ म्हणजे जुवातली खुंटी. छापील तक्त्यावर ते चूक धरलं असतं. धाकटीनं वहीत जू लिहिलेल्या ओळीपुढे एक नवीन रकाना आखला, त्यात शिवळ लिहिलं, आणि वेळ टाकली: ४१ सेकंद.