उरलेल्या दगडांचा हिशेब

१९८२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात, फ्रिडेरिचियानुम या जुन्या संग्रहालयासमोरच्या मैदानात दगड येऊन पडू लागले. जवळच्या खाणीतून आणलेले बसाल्टचे ते लांबट, ओबडधोबड खांब होते. बघता बघता त्यांची भलीमोठी रास झाली. दगड मोजून सात हजार होते. गावाच्या ऐन मध्यावर हा ढिगारा पाहून कासेलकर चिडले. कोणी तरी दगडांवर गुलाबी रंग ओतून आपला निषेध नोंदवला. रास हलवण्याचा मार्ग मात्र एकच होता आणि तो शिल्पकाराने आधीच सांगून ठेवला होता. शहरात एक झाड लावायचे आणि राशीतला एक दगड उचलून त्या झाडाशेजारी रोवायचा. सात हजार झाडे लागली की मैदान मोकळे होणार होते.

शिल्पकाराचे नाव योझेफ बॉइस आणि कामाचे नाव ‘७००० ओक’. पर्यावरणाशी नाते सांगणाऱ्या आधुनिक कलेचा इतिहास लिहिणारे बहुतेक सगळे या कामाचा उल्लेख करतात, पण तो झाडांसाठी. माझ्या मते या कामाचे मर्म दगडांच्या राशीत आहे. एरवी वृक्षारोपणात आपण लावलेली झाडे मोजतो. कासेलमध्ये पाच वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर होती, ती न लावलेली झाडे. झालेल्या कामाचा फलक कुठेच नव्हता. उरलेले काम तेवढे चौकात पडून होते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. त्याच्या तळाशी जाण्यासाठी प्रथम कासेलकडे पाहावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धात कासेल हे शस्त्रनिर्मितीचे मोठे केंद्र होते. हेन्शेल कंपनीचे रणगाडे इथेच तयार होत. २२ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहरावर बॉम्बवर्षाव केला. जुने लाकडी घरांचे गावठाण जळून गेले, सुमारे दहा हजार माणसे एका रात्रीत मेली. युद्धानंतर शहर नव्याने उभे राहिले ते मोटारींच्या सोयीने, काँक्रीटमध्ये. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन भरले, तेव्हा आर्नोल्ड बोडे या स्थानिक चित्रकाराने त्याला जोडून आधुनिक कलेचे प्रदर्शन भरवले. नाझी राजवटीने ‘अधःपतित’ ठरवलेली कला पुन्हा लोकांसमोर आणणे हा त्यामागचा एक हेतू होता. आज जगभर गाजणारे ‘डॉक्युमेंटा’ ते हेच. म्हणजे हे प्रदर्शन जन्मालाच आले ते बागेच्या सोबतीने. सत्तावीस वर्षांनी सातव्या डॉक्युमेंटासाठी बॉइसने झाडे आणली, तेव्हा तो एका अर्थी त्या जुन्या सोबतीकडेच परतत होता.

बॉइस (१९२१–१९८६) हा माणूस सरळ नव्हता. युद्धात तो जर्मन हवाई दलात होता. विमान कोसळल्यावर तातार लोकांनी आपल्याला चरबी आणि नमद्यात गुंडाळून वाचवले, अशी कथा त्याने स्वतःभोवती रचली. संशोधकांच्या तपासात ती टिकली नाही. ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत तो प्राध्यापक होता. प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यांना त्याने आपल्या वर्गात घेतले आणि त्या संघर्षात १९७२ मध्ये नोकरी गेली. पुढे जर्मनीतल्या ‘ग्रीन’ पक्षाच्या उभारणीत तो सामील झाला. समाज हेच एक शिल्प आहे आणि ते घडवण्यात प्रत्येकाचा हात असतो, हा त्याचा आवडता सिद्धान्त. शहराच्या ‘प्रशासना’ऐवजी शहराचे ‘अरण्यीकरण’ करा, अशी जर्मन शब्दांवर कोटी करणारी घोषणाही त्याने ‘७००० ओक’ला दिली होती. घोषणा आणि दंतकथा दोन्ही त्याला चांगल्या जमत. म्हणूनच त्याच्या बोलण्यापेक्षा त्याने लावून दिलेली व्यवस्था तपासणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

१६ मार्च १९८२ रोजी बॉइसने पहिला ओक स्वतः लावला. दगडांची रास पाचरीच्या आकारात रचलेली होती आणि तिचे टोक या पहिल्या झाडाकडे रोखलेले होते. पुढचे काम त्याच्या एकट्याच्या हातचे नव्हते. झाड कुठे लावायचे हे रहिवासी, शाळा, वस्त्यांमधल्या समित्या सुचवत. सुचवलेल्या जागेखाली पाण्याचे नळ आहेत की विजेच्या तारा, हे पाहावे लागे. मोटारी लावायची जागा जाणार म्हणून तक्रारी होत. कुठे ओक शोभे, कुठे जागेच्या मानाने लिंडेन, अ‍ॅश, मॅपल किंवा चेस्टनट बरे पडे. नाव ‘ओक’ असले तरी झाडे अनेक जातींची लागली. म्हणजे एकेका झाडामागे एक बैठक होती, एक वाद होता आणि कुणाचा तरी होकार होता. नगररचनेच्या कार्यालयात जे नकाशावर एका दुपारी उरकले असते, ते इथे रस्त्यारस्त्यावर भांडून ठरले.

पैशाची बाजूही अशीच उघडी होती. एका झाडासाठी पाचशे मार्क देणगी ठरली होती. सुरुवातीचा मोठा आधार न्यूयॉर्कच्या दिया आर्ट फाउंडेशनने दिला, पण तो पुरणारा नव्हता. ३० जून १९८२ रोजी बॉइसने इव्हान द टेरिबल या रशियन झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती भर चौकात वितळवली आणि तिचा एक ससा ओतला. तो ससा ७,७७,००० मार्कांना विकला गेला आणि पैसे झाडांकडे आले. पुढे तो एका जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीतही झळकला, तेही झाडांसाठीच. पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्याने दारूची जाहिरात करावी का, हा प्रश्न रास्त आहे. पण बॉइसची निकड समजून घ्यायला हवी. दगड चौकात पडलेले होते. ते कमी होत नाहीत हे कुणालाही, केव्हाही दिसत होते. भाषणाने ती रास एका दगडानेही घटली नसती.

२३ जानेवारी १९८६ रोजी बॉइस वारला. तोवर सुमारे ५,५०० झाडे लागली होती. एखाद्या चित्रकाराचे चित्र अर्धे राहिले तर ते तसेच संग्रहालयात जाते आणि अपूर्णतेचेही कौतुक होते. इथे दीड हजार दगड अजून मैदानात होते. ते उचलणे शहराला भागच होते. काम चालू राहिले आणि १२ जून १९८७ रोजी, आठव्या डॉक्युमेंटाच्या वेळी, बॉइसचा मुलगा वेंझेल याने शेवटचे झाड बापाने लावलेल्या पहिल्या झाडाशेजारी लावले. मैदान मोकळे झाले.

काम संपले असे मात्र म्हणता येत नाही. जमिनीवर साधारण चार फूट दिसणारा तो दगड आहे तेवढाच राहतो. झाड वाढत जाते. सुरुवातीला दगडापुढे रोपटे केविलवाणे दिसे. आज खोडापुढे दगड बुटका दिसतो. वादळात किंवा बांधकामात एखादे झाड गेले, तर दगड एकटा उभा राहतो आणि इथे काही तरी असायला हवे होते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मग तिथे पुन्हा झाड लावले जाते. चौकातली मोठी रास संपली खरी, पण तिचे सात हजार तुकडे शहरभर पहाऱ्याला बसले आहेत. झाडांच्या देखभालीत शहराच्या उद्यान विभागासोबत याच कामासाठी स्थापन झालेली एक संस्थाही लक्ष घालते.

‘देखभाल’ हा शब्द कलेच्या चर्चेत बॉइसच्याही आधी आणला तो न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन युकिलिस या कलावती स्त्रीने. १९६९ मध्ये, पहिल्या अपत्यानंतर, तिने ‘देखभाल-कले’चा जाहीरनामा लिहिला. जगातल्या कामाचे तिने दोन भाग केले. एक नवे घडवण्याचे, दुसरे घडलेले टिकवण्याचे. मानसन्मान पहिल्याच्या वाट्याला येतो. धुणी, भांडी, केर, पोरांचे करणे हे दुसऱ्यात मोडते. १९७७ पासून ती न्यूयॉर्क शहराच्या स्वच्छता विभागात बिनपगारी निवासी कलावंत झाली. १९७९-८० मध्ये अकरा महिने शहरभर हिंडून तिने सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी एकेकट्याने हस्तांदोलन केले आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. बॉइसचा दगड आणि युकिलिसचा हात यांचा मतलब एकच आहे. पर्यावरणाचा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी सुटत नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज कोण येणार, यावर तो सुटतो किंवा चिघळतो.

याच प्रश्नाला आपल्या शेजारच्या मुलखात मिळालेले उत्तर पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या नवजोत अल्ताफ सत्तरच्या दशकात डाव्या युवक चळवळीत होत्या. १९९७ च्या सुमारास त्यांनी बस्तरमध्ये कोंडागाव इथे तिथल्या आदिवासी कलावंतांसोबत काम सुरू केले. बस्तर आपल्याला वाटते तेवढे परके नाही. तिथली हलबी बोली कानावर पडली तर मराठी माणसाला त्यात ओळखीचे शब्द सापडतात. शांतीबाई, राजकुमार, गेस्सुराम हे स्थानिक कलावंत त्यांचे सहकारी. नवजोतना नुसती शिल्पे करून मुंबईला न्यायची नव्हती. मंडळींनी गावातले हातपंप निवडले. पंपाभोवती चिखल, डबकी, डास. आणि पाणी भरायला येणाऱ्या बायका-मुली. त्यांच्याशी, गावकऱ्यांशी, जाणकारांशी बोलून पंपांच्या जागा नव्याने बांधल्या. त्यांना ‘नलपार’ म्हणतात. भरलेले भांडे जमिनीवरून थेट डोक्यावर उचलताना कंबर मोडते, म्हणून मधल्या उंचीवर ते टेकवायला जागा केली. सांडपाणी वाहून जाईल अशी वाट काढली. भिंतींवर तिथल्याच कलेतली चिन्हे आली. मुलांसाठीही ‘पिल्ला गुडी’ नावाच्या जागा उभ्या राहिल्या.

इथे बस्तर कासेलच्या एक पाऊल पुढे जाते. बॉइसने योजना आखली आणि लोक तिच्यात सामील झाले. नलपारचा आकारच पाणी भरणाऱ्या बाईच्या कमरेने ठरवला. ज्या वस्तूचा आकार वापरणाऱ्याच्या गरजेतून येतो, तिची निगा राखायला त्याला वेगळे सांगावे लागत नाही. देखभालीची तरतूद रचनेतच होऊन जाते.

आता आपल्याकडे येऊ. झाडाशेजारी दगड ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. सह्याद्रीतल्या देवराईत गर्द झाडीत शेंदूर लावलेला एखादा तांदळा असतो आणि त्याच्या धाकाने पिढ्यान् पिढ्या कुणी फांदीही तोडलेली नसते. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांपुढे मांडले. तिथला दगडही पहारेकरीच. फरक एवढाच, की देवराईच्या दगडाला गाव भिते आणि कासेलच्या दगडासमोर शहराला लाज वाटते. भीती ओसरत चालली आहे हे गावोगाव दिसते. प्रश्न आहे तो लाजेची सोय आपण कुठे केली आहे का, हा.

आपल्याकडे झाडांची आकडेमोड उदंड आहे. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. महाराष्ट्रात शहरी झाडांच्या जतनासाठी १९७५ पासून कायदा आहे. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प राज्याने सोडला होता. २०२१ च्या दुरुस्तीने तर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद आणली. साठ वर्षांचा वड गेला तर साठ रोपे. हे कागदावरचे कर्जच आहे आणि हिशेब न्याय्य आहे. पण हे कर्ज कुठे दिसत नाही. ते फाइलीत असते आणि फाइलीला अडखळून कुणी पडत नाही.

ज्या रस्त्याने मी शाळेत जात असे, त्यावरचे वड रुंदीकरणात गेले. त्यांच्या बदल्यात पुढच्या पावसाळ्यात रोपे लागली, फोटो निघाले. आज तिथे लोखंडी जाळ्या आहेत, काही आडव्या झालेल्या, आणि बहुतेकींच्या आत गवत. जाळीवर देणाऱ्याचे नाव अजून वाचता येते. झाड मेले तेव्हा नावाला काही झाले नाही.

महाराष्ट्राला दगड आयात करावा लागणार नाही. कासेलच्या चौकात होता तो बसाल्टच आपल्या पायाखाली आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला त्याचे उभे खांब निसर्गाने स्वतःच घडवून ठेवले आहेत. रुंदीकरणात दोनशे झाडे जाणार असतील, तर त्यांच्या बदल्यात जेवढी झाडे लावायची तेवढे काळे दगड आधी नगरपालिकेच्या दारात आणून टाकावेत. रोप लागून तीन उन्हाळे जगले की त्याच्या नावाचा एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवावा. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याने, नगरसेवकाने, ठेकेदाराने आणि आपणही त्या राशीला वळसा घालून जावे.