दोषांचें माप आणि माणसांचीं गुपितें

कोणत्याहि शास्त्राच्या इतिहासांत मापें कशीं ठरलीं हा भाग मोठा उद्बोधक असतो. माप ठरवितांना माणूस कशास महत्त्व देतो हें तर उघड होतेंच. पण कशाकडे त्याचें लक्ष गेलें नाहीं, हेंहि दिसून येतें. संगणकाच्या सॉफ्टवेअरमधील दोष किती गंभीर हें ठरविण्यासाठीं गेल्या वीस वर्षांत जीं मापें निघालीं, त्यांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. ज्या दोषानें यंत्र बंद पडत नाहीं, फक्त कोणाचें तरी खाजगी उघड्यावर येतें, अशा दोषाचें वजन करतांना हीं मापें विशेष डळमळलीं.

‘ओपन सोर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची घडणच अशी कीं, त्याचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां येतो व सुधारतां येतो. परंतु दोष शेंकड्यांनीं, आणि ते दुरुस्त करणारे हात थोडे. त्यांतहि पुष्कळसे बिनपगारी. तेव्हां आधीं काय हातीं घ्यावयाचें, याला क्रम हवाच. त्यासाठीं सर्वांची एक समान भाषा असावी म्हणून अमेरिकेच्या एका सरकारी सल्लागार मंडळाच्या प्रेरणेनें २००५ सालीं ‘सीव्हीएसएस’ नांवाची गुणपद्धति निघाली. तिच्या २००७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत सुरक्षेच्या प्रत्येक दोषास शून्यापासून दहापर्यंत गुण मिळत. दोषाचा गैरफायदा घेणें किती सोपें हें पाहून मग तीन प्रश्न विचारीत: माहितीची गुप्तता किती गेली, माहितींत किती फेरफार होऊं शकतो, आणि सेवा किती खंडित होते. प्रत्येकाचें उत्तर ‘मुळींच नाहीं’, ‘अंशतः’ किंवा ‘संपूर्ण’.

७ एप्रिल २०१४ रोजीं ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला, आणि या मापाचीच परीक्षा झाली. ‘ओपनएसएसएल’ हें ओपन सोर्स सॉफ्टवेअर इंटरनेटवरील संभाषण कुलूपबंद करण्याचें काम करतें. मार्च २०१२ मध्यें निघालेल्या त्याच्या आवृत्तींत एक चूक शिरली होती. संभाषण चालू असतां एक यंत्र दुसऱ्यास ‘जागें आहेस ना?’ अशा अर्थाचा निरोप पाठवूं शकतें, आणि निरोपांतील शब्द जसाच्या तसा परत येतो. पाठविणाऱ्यानें शब्द लहान पाठवून त्याची लांबी मात्र मोठी सांगितली, तर सर्व्हर ती न पडताळतां आपल्या स्मृतींतील शेजारचा मजकूरहि देऊन टाकी. एका वेळीं ६४ किलोबाइटपर्यंत. त्यांत पासवर्ड असत, पत्रें असत, प्रसंगीं खुद्द कुलपाची किल्लीहि असे. सर्व्हरच्या नेहमींच्या नोंदींत याची खूणहि राहत नसे. कॅनडाच्या महसूल खात्यांतून सुमारें ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक याच वाटेनें चोरीस गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय दोषसंग्रहानें या दोषास ५ गुण दिले, म्हणजे ‘मध्यम’. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनीं मात्र दहाच्या मापावर हा अकराचा दोष आहे असा अभिप्राय दिला. गंमत अशी कीं, गुण देणाऱ्यांचा हिशेब चुकला नव्हता. हातीं नेमकें काय लागेल हें चोराच्या ताब्यांत नसल्यामुळें गुप्ततेची हानि ‘अंशतः’ ठरली. फेरफार नाहीं, खंड नाहीं. सूत्राचें उत्तर ५. दुरून एखादी सेवा अधूनमधून मंद करणाऱ्या दोषासहि, बाकी सर्व सारखें असतां, हेच ५ गुण मिळत. इतकेंच काय, ज्या दोषानें फक्त गुप्तताच जाते, तो तिचा संपूर्ण नाश करणारा असला तरी ७.८ च्या वर जाऊंच शकत नसे.

येथेंच मर्म आहे. मंदावलेली सेवा पुन्हां जलद होते. बिघडलेला हिशेब जुन्या प्रतीवरून पुन्हां मांडतां येतो. उघड झालेलें गुपित मात्र परत गुपित होत नाहीं. पासवर्ड बदलतां येतो. पण स्वतःचा आजार किंवा एकदां लिहून गेलेलें पत्र बदलतां येत नाहीं. दुरुस्ती होते ती यंत्राची. हा भेद सूत्रांत कोठेंच नव्हता.

सूत्राऐवजीं माणसेंच विचार करीत होतीं तेथेंहि खाजगीपणाचें पारडें हलकेंच राहिलें. ‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर तयार करणाऱ्या मोझिला प्रकल्पांत २००२ सालीं एक दोष नोंदला गेला. आपण पाहून आलेल्या दुव्याचा रंग निळ्याचा जांभळा होतो, ही ब्राउझरमधील जुनी सोय. परंतु एखादें संकेतस्थळ आपल्या पानांत असंख्य दुवे लपवून प्रत्येकाचा रंग ब्राउझरलाच विचारी, आणि वाचक कोठें कोठें जाऊन आला हें जाणून घेई. इतर ब्राउझरहि यांतून सुटले नव्हते. उपाय करावा तर पानांची मांडणी बिघडते, काम मंदावतें, या अडचणी खऱ्या होत्या. तरीहि उपाय जाहीर होण्यास मार्च २०१० उजाडला. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं ४६ संकेतस्थळें वाचकांचा असा माग काढीत असल्याचें दाखवून दिलें. ज्याचें गेलें त्यास तें कळतच नसे. मग तक्रार करणार कोण?

माणसाच्या बाजूनें मोजण्याचा प्रयत्न फ्रान्समध्यें झाला. माहितीच्या संरक्षणासाठीं असलेल्या तेथील ‘सीएनआयएल’ या सरकारी संस्थेनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत गांभीर्याच्या चार पायऱ्या आहेत, आणि त्या व्यक्तीवर होणाऱ्या परिणामांवरून ठरतात. सर्वांत वरची पायरी म्हणजे ज्यांतून माणूस कदाचित् कधींच सांवरणार नाहीं असे परिणाम. ओपनएसएसएलच्या चालकांनींहि सप्टेंबर २०१४ मध्यें आपलें लेखी धोरण प्रसिद्ध केलें. पुढील वर्षीं त्यांत त्यांनीं ‘अत्यंत गंभीर’ ही पायरी घातली, आणि तिच्या उदाहरणांत सर्व्हरच्या स्मृतींतील मजकूर मोठ्या प्रमाणावर उघड होणें हें स्पष्ट लिहिलें. सीव्हीएसएसची तिसरी आवृत्ति २०१५ सालीं आली. तिच्या मापानें हार्टब्लीडचे गुण ७.५ झाले. २०२३ सालच्या चौथ्या आवृत्तींत ‘सांवरण्या’ची एक पूरक नोंद आली आहे, पण ती यंत्रणा सांवरण्याची आहे, आणि तिनें गुण बदलत नाहींत.

याचा अर्थ खाजगीपणाशीं संबंध असलेला प्रत्येक दोष अत्यंत गंभीर मानावा असा नव्हे. सर्वांनाच पहिला क्रमांक दिला म्हणजे क्रमास अर्थ उरत नाहीं, आणि मूठभर कार्यकर्त्यांचा वेळ क्षुल्लक गोष्टींत जातो. परंतु आंकडा घालण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारणें जड नाहीं: गेलेलें परत मिळण्यासारखें आहे काय? आणि ज्याचें गेलें त्यास तें कळणार आहे काय? दोन्हींचें उत्तर ‘नाहीं’ असेल, तर सूत्र कांहींहि सांगो, तो दोष वरच्या पायरीवर नेला पाहिजे. ज्यांनीं आपलें सारें लेखन जगास खुलें ठेविलें, त्यांच्यावर दुसऱ्याचें झांकलेलें झांकून ठेवण्याची जबाबदारी अधिकच आहे.